दप्तराची दुसरी प्रत : घरगुती संगणकातील माहितीचे जतन

महत्त्वाच्या कागदाची नक्कल करून ती निराळ्या ठिकाणी ठेवावी, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीस लागलेल्या आगीत असंख्य फायली भस्मसात झाल्या. २०१९ साली सांगली-कोल्हापूर परिसरात आणि २०२१ साली चिपळुणात आलेल्या महापुराने घराघरांतील कागदपत्रांचा चिखल केला. कागदाचे हे दुःख सर्वांस ठाऊक आहे. मात्र जी माहिती कागद सोडून संगणकात वस्तीस गेली, तिच्याविषयी ही दक्षता क्वचितच आढळते. शिक्षकांची टिपणे व प्रश्नपत्रिका, शेतजमिनीच्या उताऱ्यांच्या प्रती, घरातील लग्नमुंजींची छायाचित्रे हे सारे बहुधा एकाच यंत्रात, एकाच प्रतीच्या रूपाने असते. यंत्र नवे आणता येते. गेलेली माहिती बाजारात मिळत नाही.

माहिती कशामुळे नष्ट होते?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटास साधारणपणे ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. चालू असताना धक्का बसल्यास शीर्ष चकतीवर आपटून माहिती कायमची जाऊ शकते. नव्या संगणकांतील एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. तथापि तीही पूर्वसूचनेविना बंद पडू शकते. याखेरीज चोरी, विजेच्या दाबातील चढउतार आणि चुकून पुसली गेलेली फाईल ही कारणे आहेतच. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने अनेक देशांतील संगणकांवरील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. ज्यांच्याकडे निराळी प्रत होती, त्यांना खंडणीखोरांच्या दयेवर अवलंबून राहावे लागले नाही.

साधनाची निवड

संपूर्ण संग्रहासाठी बाह्य हार्ड डिस्क सोयीची होय. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यास उत्तम. परंतु त्यातील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने साठविलेली असते व दीर्घकाळ वापराविना पडून राहिल्यास तो भार क्षीण होऊ शकतो. म्हणून एकमेव प्रत तीत ठेवू नये. साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट माहिती मावते. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवरील मजकूर नंतर बदलता येत नाही, हा तिचा गुण. ती वाचणारे यंत्र नव्या संगणकांत सहसा नसते, ही तिची अडचण.

नक्कल करण्याची पद्धत

प्रथम महत्त्वाच्या फायली एका ठिकाणी आणाव्यात. त्याच संगणकात दुसऱ्या फोल्डरमध्ये केलेली प्रत ही खरी सुरक्षित प्रत नव्हे, कारण यंत्राबरोबर तीही जाते. विंडोजमधील ‘फाईल हिस्टरी’ व अ‍ॅपलच्या संगणकांतील ‘टाइम मशीन’ या सोयींमुळे बदललेल्या फायलींची नक्कल आपोआप होते. ‘फॅट ३२’ पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ गिगाबाइटहून मोठी फाईल जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. काम संपताच साधन ओढून न काढता संगणकास तशी आज्ञा द्यावी, अन्यथा लेखन अर्धवट राहण्याचा संभव असतो. त्यानंतर साधन अलग करून ठेवावे. जोडलेले राहिल्यास घातक प्रोग्रॅम त्यातही शिरतो. प्रतीतील काही फायली उघडून पाहणे अगत्याचे आहे. न तपासलेली नक्कल ही केवळ समजूत ठरते.

तीन, दोन, एक

या विषयातील सर्वमान्य नियम सोपा आहे : माहितीच्या एकूण तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. पूरप्रवण गावातील कुटुंबाने एक प्रत उंचावरील वस्तीत राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवल्यास हा हेतू साध्य होतो. अशा प्रतीत आधार व बँकेची कागदपत्रे असल्यास ती सांकेतिक शब्दाने बंद करावी. कार्यालयीन दप्तराची नक्कल मात्र परवानगीविना घरी नेऊ नये.

३१ मार्च हा दिवस २०११ पासून ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो हिशेब मिटविण्याचाही दिवस. जमाखर्चाच्या वहीबरोबर त्या दिवशी माहितीच्या प्रतींचीही मोजदाद झाली आणि दरमहा एक ठरावीक दिवस नकलेसाठी राखला गेला, तर पुढील पिढीच्या हाती हे घरगुती दप्तर शाबूत पडेल.