कामगारांनीच हेरलेलं विष

१९७७. कॅलिफोर्नियात लॅथ्रोप इथल्या कीटकनाशकांच्या कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आलं, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूल होत नाहीये. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी, काहींच्या तर शून्य निघाले. कारण होतं डीबीसीपी, म्हणजे पिकांच्या मुळांवरच्या सूत्रकृमींसाठीचं औषध. शुक्राणू तयार करणाऱ्या वृषणातल्या पेशीच ते मारतं. संपर्क थांबल्यावर काही जण सावरले, काही कधीच नाही. संताप याचा येतो, की उंदरांची वृषणं या रसायनाने आक्रसतात, हे १९६१ मध्येच छापून आलं होतं. अमेरिकेत १९७९ मध्ये बहुतेक वापर थांबला. हवाईच्या अननस मळ्यांना मात्र आणखी काही वर्षं सूट मिळाली. कोस्टा रिकात केळीबागांतल्या हजारो मजुरांनीही हेच भोगलं.