बायबलमध्ये पुस्तकं किती?

तुम्ही सलमानियात राहत असाल, तर तुमच्या ओळखीत वसईकडचं एखादं कॅथलिक आणि अहिल्यानगरकडचं एखादं प्रोटेस्टंट कुटुंब असू शकेल. दोघांची बायबलं शेजारी ठेवा. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट बायबलात 66. मग ही 7 कुठे गेली?

प्रोटेस्टंट म्हणतात, “जुन्या करारातली ती 7 पुस्तकं यहुदी लोकांच्या हिब्रू शास्त्रात नाहीत. म्हणून आम्ही ती धरत नाही.”

कॅथलिक उत्तर देतात, “पहिले ख्रिस्ती लोक जुना करार बहुधा ग्रीक भाषेत वाचत. त्या ग्रीक ग्रंथांत ती होती. शिवाय पवित्र पुस्तकांची यादी बायबलात दिलेलीच नाही. ती चर्चच्या परंपरेतून आली.” 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ही यादी पक्की केली.

म्हणजे वाद नुसत्या आकड्याचा नाही. शेवटचा शब्द फक्त ग्रंथाचा, की परंपरेचाही? खरा प्रश्न हा आहे. नव्या करारातली 27 पुस्तकं मात्र दोघांची सारखीच आहेत. म्हणून “तुझं बायबल खोटं!” असं मैत्रिणीला म्हणू नका. “तुमच्यात असं का?” असं विचारा.