स्तनाच्या कर्करोगानंतरचे पथ्य : घर, दुकान आणि लेबल

व्यापाऱ्याच्या घरी मालाची पारख लहानपणापासून अंगवळणी पडते. हिरा भिंगाखाली धरल्यावाचून कतारगामचा कारागीर त्याचे मोल सांगत नाही, आणि ताका उलगडून पाहिल्यावाचून आमचा कापडवाला बोली करीत नाही. खाण्याच्या पुड्यावरील हिरवा ठिपका तर आमच्या घरातील लहान मूलही पाहते. परंतु शांपूची बाटली, तोंडाला लावण्याचे क्रीम किंवा दुकानात येणारा चहा या वस्तू आम्ही सवयीने घेतो. ज्या घरातील माता अथवा भगिनी स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून पार पडली आहे, त्या घरी मात्र या साध्या वस्तूंविषयीही शंका उत्पन्न होतात. ‘इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये’ हा शब्द कानी आलेला असतो. त्याचा अर्थ कोणी समजावून दिलेला नसतो. तो समजावून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत सांगतो. त्या घरातील वडीलधाऱ्या काकी मुंबईस शस्त्रक्रिया व पुढील उपचार घेऊन सुरतेस परतल्या. डॉक्टरांनी रोज एक गोळी पाच वर्षे घेण्यास सांगितले होते. पुढे कोणा हितचिंतकाने त्यांना रसायनांचे भय घातले. काकींनी सोयाबीन सोडले, तीळ सोडले, जवसाची चटणी सोडली. निम्मे कपाट रिकामे केले. घरच्यांना त्यांच्या संयमाचे कौतुक वाटले. काही महिन्यांनी सुनेला देव्हाऱ्याखालच्या खणात गोळ्यांची न उघडलेली पाकिटे सापडली. ‘तेही रसायनच ना?’ असे काकी शांतपणे म्हणाल्या. सुनेने वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन ती डॉक्टरांकडे गेली आणि गोळी पुन्हा सुरू झाली. पथ्य कोठे संपते व अपाय कोठे सुरू होतो, हे न कळल्यास काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरात स्वाभाविकपणे निर्माण होणारे संप्रेरक होय. स्तनाच्या पेशींत त्याला ग्रहण करणारी स्थाने असतात. कुलपात किल्ली बसावी तसे इस्ट्रोजेन त्या स्थानात बसते आणि पेशीला वाढीची आज्ञा मिळते. अनेक स्तनकर्करोगांत ही कुलपे विपुल असतात. अशा गाठीला अहवालात ‘ई. आर. पॉझिटिव्ह’ म्हणतात. काही गाठींत ती मुळीच नसतात. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या कागदपत्रांतील हा अहवाल पाहून तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा. ज्या गाठीला हे कुलूपच नाही, तिच्या बाबतीत प्रस्तुत चर्चेचे महत्त्व पुष्कळच कमी होते.

या ज्ञानाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १८९६ साली ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांनी बीजकोश काढल्यावर स्तनातील वाढलेला कर्करोग ओसरल्याचे प्रसिद्ध केले. शिकागो येथे एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रहणस्थानांचा शोध लावला. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेले टॅमॉक्सिफेन हे औषध १९७३ पासून तेथे या रोगावर दिले जाऊ लागले. टॅमॉक्सिफेन हीदेखील एक खोटी किल्लीच आहे. ती स्तनपेशीच्या कुलपात शिरते, पण ते उघडीत नाही; उलट अडकून बसते व खऱ्या किल्लीचा मार्ग रोखते. पाच वर्षे नियमाने घेतल्यास ई. आर. पॉझिटिव्ह रोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात, असे अनेक देशांतील चाचण्या एकत्र तपासून दिसून आले आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांना पुष्कळदा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतात. ती शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्याचे कामच थांबवितात. काकींनी खणात ठेवून दिले होते ते हे रक्षण होते.

आता बाहेरच्या खोट्या किल्ल्यांकडे वळू. लंडनचे चार्ल्स डॉड्स हे कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात असता, १९३६ मध्ये बिस्फेनॉल-ए या द्रव्यात तसा सौम्य गुण असल्याचे त्यांना आढळले. पुढे १९३८ मध्ये त्यांनी डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे प्रबळ औषध सिद्ध केले, आणि बिस्फेनॉल औषध म्हणून मागे पडले. नंतर तेच द्रव्य कठीण, पारदर्शक प्लास्टिक आणि डब्यांच्या आतील लेप बनविण्यासाठी जगभर वापरले गेले.

दुसरी गोष्ट बोस्टनची. तेथे आना सोटो व कार्लोस सोनेनशाइन हे शास्त्रज्ञ स्तनकर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवीत असत. एकदा इस्ट्रोजेन मुळीच न घालताही त्या पेशी वाढू लागल्या. पुष्कळ शोधानंतर दोष प्लास्टिकच्या नळ्यांचा निघाला. त्यांतून नोनिलफेनॉल नावाचे द्रव्य पाझरत होते. १९९१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. या द्रव्याचे नाव सुरतेच्या व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे, कारण नोनिलफेनॉलपासून बनलेली धुलाईची द्रव्ये कापडावरील प्रक्रियेत वापरली जातात आणि पाण्यात गेल्यावर त्यांतून पुन्हा नोनिलफेनॉल निर्माण होते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२१ पासून, पाण्यात धुतल्या जाणाऱ्या कापडी मालात अशा द्रव्याचे प्रमाण वजनाच्या ०.०१ टक्क्याहून कमी असावे, असे बंधन घातले आहे. ज्यांचा माल परदेशी जातो, त्यांना हा नियम हिशेबाच्या दृष्टीनेही पाळणे भाग आहे.

सौंदर्यप्रसाधनांत माल टिकावा म्हणून पॅराबेन नावाची द्रव्ये घालतात. २००४ साली इंग्लंडमधील फिलिपा डार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांना स्तनाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन आढळले, आणि जगभर खळबळ उडाली. परंतु त्या अभ्यासात निरोगी स्तनांची तुलना नव्हती. म्हणून पॅराबेनमुळेच रोग झाला, असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय ही द्रव्ये शरीरातील इस्ट्रोजेनच्या तुलनेत दहा हजार पटींनी किंवा त्याहूनही क्षीण आहेत. तरीही युरोपने २०१४ मध्ये पाच प्रकारच्या पॅराबेनांना प्रसाधनांत बंदी केली व प्रॉपिल आणि ब्यूटिल या प्रकारांचे प्रमाण मर्यादित केले. बिस्फेनॉलच्या बाबतीत आपल्याकडे २०१५ च्या भारतीय मानकाने बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतून पॉलिकार्बोनेट वगळले; युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांशी संपर्कात येणाऱ्या वस्तूंत बिस्फेनॉल-एवर बंदीचा निर्णय घेतला.

तात्पर्य असे की, या द्रव्यांविषयी शंकेस आधार आहे. परंतु ती टाळल्याने उपचार झालेल्या स्त्रीचा रोग उलटत नाही, असे कोणत्याही चाचणीने दाखविलेले नाही. म्हणून जे पथ्य अल्प खर्चाचे, निरुपद्रवी आणि सहज साध्य आहे ते पाळावे. ज्यापायी अन्न तुटते, मन खचते वा औषध सुटते, ते पथ्य नव्हे. या कसोटीवर आम्हांस पुढील गोष्टी योग्य वाटतात.

प्रसाधने थोडी व साधी असावीत. अंगावर राहणारी क्रीमे व तेले यांकडे, धुवून जाणाऱ्या साबणापेक्षा अधिक लक्ष द्यावे. घटकांच्या यादीत ज्या नावांच्या शेवटी ‘पॅराबेन’ येते, ती पाहावीत. ‘सुगंध’ एवढाच मोघम उल्लेख असेल, तर त्यात थॅलेट वर्गातील द्रव्ये असू शकतात; बिनवासाचा माल अधिक बरा. केसांच्या किंवा त्वचेच्या काही प्रसाधनांत प्लासेंटा म्हणजे वारेचा अर्क असतो. त्यात प्रत्यक्ष संप्रेरके असू शकतात. आमच्या घरांत तर तो अहिंसेच्या दृष्टीनेही येण्याजोगा नव्हे. स्त्रियांच्या कोरडेपणावर दिल्या जाणाऱ्या काही मलमांत खरेखुरे इस्ट्रोजेन असते. ती कर्करोगतज्ज्ञांस विचारल्यावाचून लावू नयेत, आणि हे विचारण्यात संकोचही करू नये.

स्वयंपाकघरात उष्णता आणि प्लास्टिक यांची गाठ पडू देऊ नये. उष्णतेने द्रव्ये अधिक पाझरतात. उकाळलेले पाणी पिण्याचा नियम आमच्या अनेक घरांत आहे. ते गरम असतानाच प्लास्टिकच्या बाटलीत ओतण्याची सवय सोडून स्टीलच्या भांड्यात ठेवावे. दुकानात व कारखान्यात पातळ पिशवीतून येणारा उकळता चहा बंद करून किटली व काचेचे पेले पुन्हा आणावेत. लोणची व तेल काचेच्या वा चिनी मातीच्या बरण्यांत ठेवावे. आमच्या आजीच्या फळीवर याहून निराळे काही नव्हते.

गल्ल्यावर बसणाऱ्यांनी यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीकडेही पाहावे. उष्णतेने छापल्या जाणाऱ्या अशा कागदावर बिस्फेनॉलचा लेप असू शकतो व तो त्वचेतून शरीरात जातो. हाताला क्रीम किंवा जंतुनाशक द्रव लावलेला असल्यास अधिक जातो. युरोपने जानेवारी २०२० पासून त्यातील बिस्फेनॉल-एवर कडक मर्यादा घातली. परंतु त्याचेच भावंड असलेले बिस्फेनॉल-एस त्याजागी आलेले आढळते. उपचार घेतलेली भगिनी गल्ला सांभाळीत असेल, तर पावती फोनवर पाठवावी आणि जेवणापूर्वी तिने हात धुवावेत.

अन्नाविषयीचे भय मात्र बव्हंशी अनाठायी आहे. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी साम्य असलेली वनस्पतिजन्य द्रव्ये आहेत, हे खरे. परंतु शांघाय येथे उपचार झालेल्या ५,०४२ स्त्रियांच्या अभ्यासात, २००९ च्या अहवालानुसार, अधिक सोया खाणाऱ्यांत रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण कमीच आढळले. शाकाहारी घरात सोया, डाळी, तीळ व जवस यांवर बंदी घालणे म्हणजे आजारातून उठलेल्या शरीराचे पोषण तोडणे होय. टाळावयाचे ते सोयाच्या अर्काच्या गोळ्या आणि शतावरी, ज्येष्ठमध यांसारख्यांची औषधी मात्रेतील चूर्णे. ती डॉक्टरांस विचारूनच घ्यावीत.

अखेरीस, इस्ट्रोजेनचा सर्वांत मोठा साठा लेबलावर नाही. पाळी गेल्यानंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन मुख्यतः मेदात तयार होते. म्हणून वजन आटोक्यात ठेवणे व रोज चालणे यांचे फळ कोणत्याही महाग ‘नैसर्गिक’ क्रीमहून मोठे आहे. मद्याने इस्ट्रोजेन वाढते. ज्यांनी ते कधीच घेतले नाही, त्यांनी तो लाभ आधीच जमेस धरावा.

आणि ज्या भगिनींना हा रोग झालेला नाही, त्यांनीही तपासणी करून घ्यावी. टाटा रुग्णालयाने मुंबईत १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांमध्ये जो दीर्घ अभ्यास केला, त्यात शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. यासाठी महाग यंत्र लागले नाही. शिकलेला हात आणि ठरलेली वेळ पुरली.

काकी आजही लेबल वाचतात, चहा पेल्यातूनच घेतात, आणि रविवारी जवसाची चटणी पुन्हा ताटात असते. गोळी मात्र सून स्वतः हातावर ठेवते व पाण्याचा तांब्या पुढे करते. रोजमेळ मिळाल्याखेरीज आमच्यात दुकान बंद होत नाही. ज्या घरी अशी भगिनी आहे, त्या घरी दिवा मालविण्यापूर्वी ही एक नोंदही तपासली जावी, एवढीच आमची सविनय सूचना आहे.