टोमॅटोचा वाण संगणक कसा ओळखतो?

टोमॅटो आडवा कापला की बियांचे कप्पे दिसतात. इटलीच्या लांबट सान मार्झानोत ते दोन-तीनच, अमेरिकेच्या मांसल ब्रँडीवाइनमध्ये कितीतरी जास्त. पिढ्यानपिढ्या बी राखून जपलेल्या जुन्या वाणांची ओळख अशाच खुणांत असते. कापलेली फळं स्कॅन केली की ‘टोमॅटो अ‍ॅनालायझर’सारखं सॉफ्टवेअर लांबी-रुंदी, देठाजवळचा खळगा, टोकाचा कोन मोजतं. वाण ठाऊक असलेल्या फळांची मापं संगणकाला दिली, की तो स्वतःच प्रश्न रचतो: लांबी रुंदीच्या दीडपट आहे का? कप्पे तीनपेक्षा जास्त आहेत का? एका पद्धतीत प्रश्नांच्या अशा शेकडो साखळ्या तयार होतात आणि ग्रामसभेत हात वर करून ठराव व्हावा, तसा बहुमताने निकाल लागतो.

फळ तर पाणी-हवामानानंही बदलतं, हा आक्षेप रास्त आहे. पण वजन बदलतं तितका लांबटपणा बदलत नाही. त्यामागे ‘सन’, ‘ओव्हेट’सारखी जनुकं असतात. शिवाय निकाल एका फळावर नव्हे, अनेक झाडांच्या अनेक फळांवर द्यायचा. मग थेट डीएनए चाचणीच का नको? ती हवीच, पण बियाणे पेढीतल्या ढीगभर नमुन्यांपैकी आधी कोणते तपासायचे, हे फळांची मापं स्वस्तात सांगतात. खरा धोका वेगळाच आहे: कधी न शिकवलेला वाण समोर आला, तर संगणक त्याला ओळखीच्याच नावात कोंबतो. म्हणून बहुमत काठावरचं असेल तिथे जाणकारानं फळ हातात घेऊन पाहायलाच हवं.