संगणकाचे ओझे खांद्यावर नको

१ जुलै २०१७ रोजी कापडावर जीएसटी आला आणि हिंगोली जिल्ह्यातल्या आम्हा कापडवाल्यांचे वही-खाते गादीवरून संगणकावर गेले. दुकानाची मांडणी मात्र जुनीच राहिली. उंच काउंटरवर संगणक आणि समोर बुटके स्टूल, असे दृश्य आम्ही अनेक दुकानांत पाहतो. बिले करणारा मुलगा किंवा मुनीम संध्याकाळी खांदा चोळत बसतो, त्याचे कारण इथेच आहे.

कीबोर्ड उंच असला की खांदे सतत उचललेले राहतात. माउस लांब असला की हात तासन्‌तास अधांतरी राहतो. त्यामुळे मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू आखडतात.

उपायाला फारसा खर्च नाही. कीबोर्ड कोपराच्या उंचीवर आणि माउस त्याला लागून ठेवावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. काउंटर उंचच असेल तर खुर्ची उंच करून पायाखाली पाट घ्यावा. दर अर्ध्या तासाने उठून चार थाने घडी करून ठेवावीत, खांदे मागे फिरवावेत. मासिक विवरणपत्राच्या ११ व २० तारखेपर्यंत बिले साठवू नयेत, रोजची रोज चढवावीत.

दुखू लागल्यास गरम शेक द्यावा, पण हात हलवणे बंद करू नये. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा लवकर आखडतो, त्यांनी विशेष जपावे. बोटांना मुंग्या येत असतील किंवा हात वर जात नसेल तर गोळ्यांवर दिवस न काढता डॉक्टरांना दाखवावे. खांद्याबरोबर छातीत दुखून घाम आला, तर दुकान तसेच सोडून दवाखाना गाठावा.