पंचवीस हजारांतली रोड सायकल

आमची धाकटी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. २०२३च्या जूनमध्ये एका संध्याकाळी चहा देता देता ती म्हणाली, "बाबा, मला रोड सायकल घ्यायची आहे." मी म्हटले, "घरात दोन सायकली आहेत की!" त्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी तिला आगगाडीऐवजी बैलगाडी सुचवली होती.

तिचे म्हणणे रास्त होते, हे पुढे कळले. कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर तिला डिसेंबरातल्या 'ब्रेव्हे'ला उतरायचे होते. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक त्यात नसतो. २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांच्या आत सायकलवरून पुरे करायचे, एवढेच. पण घरातल्या वीस किलोच्या दणकट सायकलवर हे जमणे कठीण. दुकानात तिच्या पसंतीला उतरलेली नवी सायकल पंचेचाळीस हजारांची निघाली. शिकवण्या करून तिने सोळा हजार साठवले होते. मी नऊ घालीन म्हटले. एकूण पंचवीस. हिचे मत, "त्यात थोडे घालून जुनी स्कूटर का घेत नाही?" त्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

शेवटी ठरले, की सुटे भाग जमवून सायकल बांधायची. हे वाटते तितके सोपे नाही आणि वाटते तितके अवघडही नाही. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, एवढे मात्र आधी कळायला हवे. आम्हाला ते एक मोठी चूक होता होता कळले.

चकचकीत रंगाखाली

पहिली फ्रेम लेकीनेच शोधली. कुणीतरी विकायला काढलेली, ॲल्युमिनियमची, लाल-काळी, वजनाला इतकी हलकी की एका बोटावर उचलावी. किंमत सहा हजार. मी पाकीट काढलेच होते. पण आमच्या पेठेतले सायकलवाले मिस्त्रीकाका बरोबर होते, म्हणून वाचलो. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फ्रेम उलटी केली आणि पुढच्या तिरक्या नळीच्या पोटावरून, हँडलच्या जोडाच्या जरा मागे, अंगठा फिरवला. मग लेकीला म्हणाले, "बेटा, तू फिरवून बघ." तिच्या अंगठ्याला तिथे बारीकशी लाट लागली. डोळ्यांना ती दिसत नव्हती.

"ही समोरून कशाला तरी धडकलेली आहे," काका म्हणाले. "चिमटा मागे दाबला गेला की नळी इथेच चुरगळते. वरून रंग मारला की झाले. घाटात उतारावर ही तुटली, तर खाली कोण येणार?"

लेकीचा चेहरा उतरला. पण त्या एका वाक्यानंतर हिने स्कूटरचे नाव काढले नाही. "फ्रेम बघताना काकांना घेऊन जायचं," एवढीच अट तिने घातली.

जुनी फ्रेम घेणाऱ्याने हा अंगठा जरूर फिरवावा. जोडांजवळ रंगात केसासारखी रेघ दिसली, तर तिथे नखाने खरवडून पाहावे. कधी ती नुसता रंग असते, कधी चीर. कार्बनची जुनी फ्रेम कितीही स्वस्त मिळो, आमच्यासारख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. कार्बनमधली इजा आत दडलेली असते, आणि ती बाहेरून ओळखणे पेठेतल्या मिस्त्रीचे काम नाही.

मग पोलाद उरते. पोलादी फ्रेम म्हणजे जड, असा आपला समज आहे, कारण आपल्या डोळ्यांसमोर दूधवाल्याची सायकल असते. चांगल्या मिश्र पोलादाच्या नळ्या मात्र मधे पातळ आणि टोकांना जाड ओढलेल्या असतात. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीची '५३१' ही प्रसिद्ध नळी १९३५ साली आली आणि पुढे कित्येक दशके युरोपातल्या शर्यती तिच्यावर धावल्या. अशी नामांकित नळी स्वस्तात हाती लागणे दुर्मीळच. तिच्या चुलत घराण्यातली साधी पोलादी फ्रेम मात्र मिळते. लोहचुंबक खिशात ठेवावा. चिकटला तर पोलाद.

आमची फ्रेम अशीच मिळाली. एका निवृत्त शेजाऱ्यांच्या माळ्यावर बारा गिअरची जुनी रेसिंग सायकल पडून होती. नावाची पट्टी खरवडलेली, हँडलची टेप उंदरांनी खाल्लेली. साडेपाच हजारांना व्यवहार ठरला. घेण्याआधी काकांनी दोरीची परीक्षा घेतली. ही कुणालाही घरी करता येईल. मागचे चाक काढायचे. चाकाचा दांडा बसतो त्या एका खाचेला दोरी बांधायची, ती पुढे हँडलच्या नळीभोवती फिरवून परत दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायची. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर पट्टीने मोजायचे. सारखे आले तर फ्रेम सरळ. आमच्या फ्रेममध्ये एक मिलिमीटरचा फरक निघाला. "एवढं चालतं," काका म्हणाले.

आणि मापाचे काय? पायांत चपला न घालता भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, एक जाड पुस्तक मांड्यांच्या मधे वर दाबून धरायचे आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचे. लेकीचे ७५ सेंटिमीटर भरले. त्याला ०.६६ ने गुणले की साडेएकोणपन्नास. जुन्या पद्धतीच्या, आडवा दांडा सरळ असलेल्या फ्रेममध्ये सीटची नळी साधारण एवढी हवी. आमची पन्नासची निघाली, हे नशीब. पण पन्नासची आहे म्हणून बसेलच असे नाही. आडवा दांडा लांब असला की सगळा भार हातांवर येतो आणि चाळीस किलोमीटरनंतर मान आखडते. उंची थोडी इकडेतिकडे असली तर सीट वर-खाली करता येते. लांबीला तशी सोय फार थोडी.

खरा खर्च चाकांवर

फ्रेम स्वस्तात मिळाली की माणूस खूश होतो आणि चाकांवर कंजुषी करतो. माझ्या मते इथे उलट करावे. शेजाऱ्यांच्या सायकलला क्रोमच्या चकचकीत लोखंडी रिमा होत्या. "वापरू की याच," मी म्हणालो. काकांनी मला पावसाची आठवण करून दिली. क्रोमची लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते. ॲल्युमिनियमची रिम ओल्यातही बऱ्यापैकी पकडते. ज्यांच्याकडे चार महिने पाऊस आहे, त्यांनी या एका कारणासाठीच लोखंडी रिम काढून टाकावी. जुनी ॲल्युमिनियम रिम घेत असाल तर ब्रेक घासतो त्या बाजूवर पट्टी उभी धरून पाहा. मधे खळगा पडला असेल तर तिचे आयुष्य संपले.

लेकीला उंच काठांची, मोजक्या वीस तारांची चाके हवी होती. दिसायला ती देखणीच. पण वीस तारांतली एक तुटली की चाक एवढे वाकते, की ब्रेकला घासून बसते. मग निर्जन रस्त्यावर सायकल खांद्यावर घ्यायची. बत्तीस तारांच्या चाकातली एक तुटली तर आऊट थोडे येते, पण घरी पोचता येते. शिवाय साध्या वाकड्या मानेची तार कुठल्याही गावच्या दुकानात मिळते. म्हणून बत्तीस तारा, दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियम रिम आणि मागे कॅसेटचा हब, असे ठरले. जुन्या पद्धतीत गिअरच्या चकत्या आणि फ्रीव्हील एकत्रच हबवर आट्यांनी बसवतात. त्यात उजवीकडचे बेअरिंग आत राहते, दांड्याचा लांब तुकडा आधाराविना राहतो आणि खड्ड्यांत तो वाकतो. कॅसेटच्या हबात हे बेअरिंग टोकाशी जाते. पुढचे-मागचे मिळून साडेसात हजार लागले.

इथे एक अडचण आली, आणि जुनी फ्रेम घेणाऱ्या प्रत्येकाला ती येणार. आमच्या फ्रेमच्या मागच्या दोन खाचांमधले अंतर १२६ मिलिमीटर, नव्या हबची रुंदी १३०. पोलादाचा हाच फायदा. काकांनी दोन्ही बाजू दोन-दोन मिलिमीटर बेताने बाहेर ओढल्या आणि पुन्हा दोरी लावून पाहिले. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही करू नये, ती तडकते.

चाके घेताना काका ती कानाशी धरून तारा सतारीसारख्या छेडत होते. एकाच बाजूच्या सगळ्या तारांतून साधारण एकच सूर यायला हवा. मागच्या चाकाच्या गिअरकडच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, त्यांचा सूर चढा. त्यात बिघाड नाही. नवे चाक असले तरी शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आऊट काढून घ्यावे.

अठ्ठावीस लहान, सत्तावीस मोठा

टायरच्या मापांत जो गोंधळ आहे तो ज्याने केला त्याला शोधून काढावे, असे मला वाटते. आपल्या उभ्या देशी सायकलचे चाक 'अठ्ठावीस इंची'. रोड सायकलचे '७००-सी' चाकही अठ्ठावीस इंचीच म्हणतात. पण पहिल्याचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. जुन्या रेसिंग सायकलचे 'सत्तावीस इंची' तर या दुसऱ्या अठ्ठावीसपेक्षा मोठे! यावर उपाय एकच. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत दोन आकड्यांची जोडी असते, तेवढीच वाचावी. '२८-६२२' म्हणजे रुंदी २८ मिलिमीटर आणि रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास ६२२. ७००-सी म्हणजे ६२२, सत्तावीस इंची ६३०, आणि आपली देशी सायकल ६३५. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, तिथे तडजोड नाही.

शेजाऱ्यांच्या सायकलची चाके ६३० ची होती. आम्ही ६२२ लावली, म्हणजे रिम सगळीकडून चार मिलिमीटर आत आली. ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकेल का, हे चाके घेण्याआधी पाहायचे असते. आमचे सरकले. चाक लहान झाल्याने जास्त जाड टायरला जागाही मिळाली.

जाड टायरच का? पूर्वी रोड सायकलवाले २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवून चालवत. आता टूर द फ्रान्समधले व्यावसायिक स्वारसुद्धा त्याहून जाड टायरवर आले आहेत. खडबडीत रस्त्यावर फार कडक टायर उडतो, आणि त्या उडण्यात पायांची ताकद वाया जाते. आपले रस्ते पाहता २८ पेक्षा बारीक टायर घेऊ नये. फ्रेममध्ये मावत असेल तर ३२ घ्यावा. टायरच्या दोन्ही अंगांना आणि वर ब्रेकखाली चारेक मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजे, नाहीतर पावसातली चिखलाची खडी तिथेच अडकते. नक्षीला भुलू नका. डांबरावर जवळजवळ गुळगुळीत टायरच चांगला धरतो. पैसे द्यायचेच तर ते नक्षीखाली असणाऱ्या पंक्चर-रोधक पट्ट्याला द्यावेत. ट्यूबांसह आमचे चौतीसशे गेले.

कडेवर लिहिलेला हवेचा दाब ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असे नाही. लेकीचे वजन ५८ किलो. ती मागे ७५ आणि पुढे ६० पाउंड हवा ठेवते. आमच्या रिमांना बारीक भोक असल्याने बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब लागली, आणि रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा पंप तिला लागत नाही. पितळेचा छोटा जोड स्वस्तात मिळतो. तो सीटखालच्या पिशवीत कायम ठेवावा.

हिशेब

ब्रेक, गिअर, क्रँक, हँडल, साखळी, सीट हे बरेचसे जुने घेतले, आठ हजारांत. जुन्या बाजारात दोन रविवार गेले. दिल्लीकडच्या वाचकांना झंडेवालानचा सायकल बाजार आहे, तिथे याहून सोपे पडावे. साखळी मात्र नवीच घ्यावी. झिजलेली साखळी नव्या चकत्या खाऊन टाकते. काकांनी मजुरी बाराशे घेतली. बेरीज पंचवीस हजार सहाशे. वरचे सहाशे हिने दिले, पण पाठोपाठ हेल्मेट आणि दिव्यांचे पैसेही देऊन टाकले आणि ते हिशेबात धरायचे नाहीत असे बजावले. सायकल अकरा किलो भरली.

डिसेंबरात पहाटे सहाला लेक निघाली. दुपारी दीडपर्यंत फोन नाही. ही देवघर आणि गॅलरी यांच्यामध्ये येरझारा घालत होती. मग फोन आला तो मिस्त्रीकाकांना. मागच्या चाकाची एक तार तुटली होती, शंभराव्या किलोमीटरच्या पुढे. काकांनी फोनवरूनच सांगितले, "तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळ, चाक ब्रेकला घासत असेल तर ब्रेक थोडा सैल कर आणि चालव. एकतीस आहेत अजून." संध्याकाळी सव्वासहाला ती पोचली. सव्वाबारा तास लागले होते.

दुसऱ्या दिवशी मी चाक घेऊन दुकानात गेलो. काकांनी तार बदलली, आऊट काढला आणि पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी माळ्यावर पडलेल्या त्या जुन्या सत्तावीस इंची रिमा मागून घेतल्या. कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही.