कुंडीतले झाड आणि पाण्यातला चुना

ओसरीच्या कडेला, खिडकीच्या ओट्यावर किंवा हल्लीच्या सदनिकांच्या अरुंद सज्जात वाढवलेल्या झाडांच्या खतपाण्याविषयी मराठीत आजवर विपुल लेखन झाले असले, तरी त्यातील बहुतेक पुण्या-मुंबईच्या हवापाण्यावर बेतलेले आहे. नांदेड-लातूरच्या वाचकाने ते श्रद्धेने वाचून, सांगितल्या बरहुकूम सर्व करूनही त्याचा मोगरा पिवळा पडतो आणि जास्वंद खुरटते, याचे कारण त्या वाचकाच्या हयगयीत शोधणे हा त्याच्यावर अन्याय आहे. सह्याद्रीच्या पावसाने भरणाऱ्या तानसा, वैतरणा वा खडकवासल्याच्या जलाशयांचे मृदू पाणी ज्यांच्या नळाला येते, त्यांना पाण्याचा विचार करण्याचे प्रयोजनच पडत नाही. म्हणून त्यांच्या ग्रंथांत पाण्यावर अर्धे पान आणि खतावर सबंध प्रकरणे असतात. आपल्या मुलखात हा क्रम उलटा आहे. येथे कुंडीतल्या झाडाचा पहिला प्रश्न पाण्याचा, दुसरा मातीचा, आणि खताचा त्यानंतरचा, हे मी तरुणपणापासून सांगत आलो आहे आणि या आढाव्यातही तेच सांगणार आहे.

निजामी अमदानीतल्या आपल्या माळवदाच्या घरांत आडोशाच्या झाडांची जी व्यवस्था असे, तिला कोणी शास्त्र म्हटले नाही, पण ती शास्त्रशुद्ध होती. ढेळज ओलांडून आत आले की चौकात तुळशीवृंदावन, न्हाणीच्या मोरीला अळू आणि कर्दळ, परसात कढीपत्ता. वृंदावनाची पोकळी खोल असल्यामुळे मुळांना जागा मिळे आणि चौक वरून उघडा असल्यामुळे मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस त्या मातीतला साचलेला खार धुऊन नेई. कढीपत्त्याच्या बुडाशी आंबट ताक ओतण्याचा शिरस्ता तर घराघरांत होता. ताकातल्या आम्लाने चुनखडीच्या मातीत जखडलेले लोह थोडेफार मोकळे होते, हे त्या गृहिणींना कोणी सांगितलेले नव्हते. ताक दिलेल्या झाडाची पालवी काळीभोर येते, एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

पाश्चात्त्य विद्येचा इतिहास येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. लीबिगने 1840 साली खनिज पोषणाचा सिद्धांत मांडला, झाक्स आणि क्नॉप यांनी 1860 च्या सुमारास मातीविना, केवळ क्षारांच्या द्रावणावर रोपे वाढवून दाखवली, कॅलिफोर्नियात होगलंड आणि आर्नन यांनी 1938 मध्ये आपले द्रावण प्रसिद्ध केले, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये हीच पद्धती गरिबाच्या ऐपतीत बसवण्याचा उद्योग केला. या मालिकेत ज्याचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही, तो फ्रान्समधला यूझेब ग्री मात्र मला सर्वांहून जवळचा वाटतो. 1840 नंतरच्या दशकात त्याने पिवळ्या पडलेल्या वेलींच्या पानांना लोहाच्या क्षाराचे पाणी लावले आणि जेथे ते लागले तेथे पान पुन्हा हिरवे झालेले दाखवले. पान पिवळे पडणे ही भूक असते खरी, पण ती कोणत्या एका द्रव्याची, हे ओळखल्यावाचून पोटभर वाढण्यात अर्थ नाही, हा धडा त्या प्रयोगात आहे.

बंद खोलीत दिव्यांच्या उजेडावर झाड वाढवण्याची विद्या अलीकडे हॉलंडात आणि अमेरिकेत फार पुढे गेली. तिचा बराच भाग गांजाचे झाड लावणाऱ्यांनी रचला, हे येथे नमूद करणे उचित होईल. आपल्याकडे 1985 च्या कायद्याने ती लागवड निषिद्ध आहे आणि तिचा पुरस्कार करण्याचा माझा मानस नाही. परंतु ज्ञान कोठून आले यावरून ते नाकारणे विद्येच्या क्षेत्रात शोभत नाही. त्या मंडळींत जाणता माणूस रोग्या झाडाविषयी पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याच्या सामूचा, खताचा नव्हे. मुळांभोवतीचा सामू साधारण 6 च्या आसपास असेल तर लोह, जस्त, मंगल ही सूक्ष्मद्रव्ये झाडाला सहज मिळतात, तो 7.5 च्या पलीकडे गेला की तीच द्रव्ये मातीत असून नसल्यासारखी होतात.

आता आपली माती पाहा. दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेली ही जमीन शेतात कापूस, ज्वारी आणि तूर पिकवणारी. पण तिचा सामू बहुधा 7.5 ते 8.5 या टापूत असतो आणि तिच्यात चुनखडीचे खडे मुरलेले असतात. शंका असेल त्याने वाळलेल्या मातीच्या ढेकळावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकावेत. बारीक फेस उसळून चर्र असा आवाज झाला की तेथे चुना आहे असे समजावे. त्यात ही माती कुंडीत कोंडली की ओली असता चिखल होते, वाळली असता कडांपासून सुटते आणि त्या फटीतून वरचे पाणी मुळांना न शिवता तळाच्या भोकातून निघून जाते. वरून पाणी घालावे बोअरचे, ज्यात विरघळलेला चुना आधीच आहे. असे पाणी दिवसेंदिवस घातले की कुंडीतला सामू चढत जातो, आणि मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरा खरबरीत पापुद्रा धरतो, जो नखाने खरवडला तर पिठासारखा सुटतो. हा पापुद्रा म्हणजे कुंडीची कैफियत आहे. ती वाचता आली पाहिजे.

त्याच वेळी झाडाचा शेंडा पाहावा. नवे पान पिवळे किंवा फिकट पांढरे आणि त्यावर शिरांचे हिरवे जाळे स्वच्छ उमटलेले, तर ते लोहाचे दुर्भिक्ष. आपला ऊसवाला शेतकरी ज्याला केवडा म्हणतो तो हाच. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होऊन सबंध पान सारखे फिके पडत असेल तर नत्र कमी आहे. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमकडे संशय न्यावा. पाने लहान आणि गुच्छ केल्यासारखी येऊ लागली तर जस्त. एवढी पारख ज्याला आली, त्याचा निम्मा खर्च वाचला.

केवड्यावर तजवीज सोपी आहे. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम लिंबूसत विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे, कोवळ्या पालवीला हे प्रमाण निम्म्यावर आणावे, आणि द्रावण तांबूस झाले असेल तर ते फेकून द्यावे, कारण त्यातले लोह गंजून गेलेले असते. मातीतूनच लोह द्यावयाचे तर साधी हिराकस चुन्यात दोन दिवसही टिकत नाही. बाजारात मिळणाऱ्या चिलेटांपैकी ईडीटीए जातीचे आपल्या सामूला तग धरीत नाही, ईडीडीएचए जातीचे धरते. दुकानदार पहिले देतो, कारण ते स्वस्त आहे. घालण्याच्या पाण्यातच चिमूटभर लिंबूसत टाकून त्यातला चुना मोडावा, हा उपाय मी आयुष्यभर पुरस्कारला आणि त्यावर टीकाही सोसली.

टीकाकार दोन पक्षांचे आहेत. एक म्हणतात, हिराकस हे रसायन, म्हणून ते झाडाला विष. केवळ शेणखत आणि जीवामृत पुरे. दुसरे म्हणतात, 19:19:19 ची पुडी दर आठवड्याला घाला, झाड बोलेल. पहिल्यांना माझे नम्र निवेदन असे की शेणखताबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु त्यात नत्र जेमतेम अर्धा टक्का असते आणि चुनखडीच्या कुंडीत त्याने लोहाचा प्रश्न सुटत नाही. दुसऱ्यांना विचारावेसे वाटते की ज्या झाडाला लोह मिळत नाही त्याला स्फुरद वाढवून ते लोह अधिकच जखडून टाकण्यात कोणते शहाणपण आहे? खत हे झाडाचे अन्न नव्हे. अन्न पान उजेडात तयार करते, आणि ज्या खोलीत दुपारीसुद्धा पुस्तक वाचायला दिवा लावावा लागतो तेथे कोणत्याही पुडीने मोगरा फुलणार नाही.

भूक भागवण्यास आपल्या जिल्ह्यांत काय कमी आहे? लातूरच्या डाळगिरण्यांतून तुरीची चुनी आणि टरफल, साखर कारखान्यांची मळी, सरकीची पेंड, नत्राने सात टक्क्यांच्या घरात असलेली शेंगदाण्याची पेंड, किनवटच्या सागवानी रानातला कुजलेला पाचोळा. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून आणि ‘विपुलाच सृष्टी’तून घरच्या आणि भोवतालच्या टाकाऊ द्रव्यांवर झाड पोसण्याची जी दृष्टी महाराष्ट्राला दिली, तिचे बीज आपल्याकडे अधिक रुजायला हवे होते. मातीसाठीही लांब जाणे नको. उदगीरच्या पलीकडे बिदरच्या पठारावर जांभ्या खडकाची लाल माती आहे, लोहयुक्त आणि चुन्यापासून मुक्त. तिचा एक भाग, पाचोळ्याचे खत एक भाग आणि जाड वाळू एक भाग हे मिश्रण आपल्या काळ्या मातीहून कुंडीला शतपट हितकर.

पण हल्ली हे कोण करतो? 1918 पासून परभणीच्या प्रायोगिक क्षेत्रावर आणि 1972 पासून तेथील कृषी विद्यापीठात आपल्या मातीचा अभ्यास झाला. त्यातले ज्ञान शेतापर्यंत थोडे पोचले, सज्जापर्यंत पोचलेच नाही. शेतकरी मातीची तपासणी करून घेऊ लागला, कुंडीवाला पाण्याचीही करीत नाही. कुंभारवाड्यातल्या सच्छिद्र कुंड्या गेल्या आणि काळे प्लास्टिक आले, जे वैशाखाच्या उन्हात मुळे शिजवते. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्याने घरोघर पाण्याचा प्रत्येक थेंब दुसऱ्यांदा वापरण्याची शिस्त आणली, तिला माझे वंदन असो. मात्र तिच्यातून एक घातक सवय मागे राहिली. आरओ यंत्राने बाजूला काढलेले पाणी पुण्य म्हणून कुंडीला घातले जाते. ज्या क्षारांना माणसाने आपल्या घशाखाली उतरू दिले नाही, तेच अधिक दाट होऊन झाडाला मिळतात. ते पाणी फरशी पुसण्यास वापरावे. साबणाचे पाणी सोड्यामुळे तितकेच वाईट. उलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ पावसासारखे निर्मळ असते आणि नेमके तेच गटारात जाते.

मृगाच्या पहिल्या दोन सरी माळवदाची किंवा गच्चीची धूळ धुण्यास सोडून द्याव्यात, आणि तिसरीपासून पन्हाळीखाली पिंप लावावे. कुंड्याही त्याच दिवसांत उघड्यावर काढून तळातून पाणी वाहीपर्यंत भिजू द्याव्यात, म्हणजे वर्षाचा खार निघून जाईल. पिंपातले पाणी झाकून ठेवावे, कापडाने, डास होणार नाहीत असे, आणि ते मोगरा, जास्वंद, कढीपत्ता व गुलाब यांच्यासाठी राखावे; सदाफुली आणि कोरफड बोअरच्या पाण्यावर निभावून नेतात.